पिशवी काढली, मग हा त्रास कशाचा?

गर्भपिशवी काढली की पाळीचा त्रास संपतो. पण काहींच्या अंगातून वाफा निघतात, झोप उडते, सांधे दुखतात. घरचे म्हणतात, मनाचे खेळ!

याचं उत्तर जुन्या प्रयोगांत सापडतं. 1896 च्या सुमारास व्हिएन्नाच्या एमिल क्नाउअर यांनी सशाच्या मादीचं अंडाशय काढून तिच्याच शरीरात दुसरीकडे बसवलं. गर्भाशय सुकलं नाही. म्हणजे अंडाशयातून रक्तात काहीतरी मिसळत होतं. 1929 मध्ये अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी त्यातलं एक संप्रेरक, इस्ट्रोन, वेगळं केलं. अंडाशय गेलं की हा पुरवठा एकदम तुटतो, आणि अंग तक्रार करतं.

आपल्याच राज्यात, बीडमध्ये, 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. कित्येक चाळिशीच्या आतल्या.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मैत्रिणींनो, ऑपरेशनचे कागद जपून ठेवा. अंडाशयं काढली की ठेवली, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. ठेवली असली तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. त्रास अंगावर काढू नका.