मे-स्तंभाचे वारसदार : आधुनिक पेगन वसंत-शिबिरांतील विधी आणि बालकांचे स्थान

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारापूर्वी युरोपात ज्या बहुदेवोपासक परंपरा नांदत होत्या, त्यांस ख्रिस्ती लेखकांनी 'पेगन' ही संज्ञा दिली. ती मुळात हेटाळणीची होती. विसाव्या शतकात इंग्लंड व अमेरिका या देशांतील काही समुदायांनी हीच संज्ञा स्वखुशीने धारण केली आणि निसर्ग, ऋतुचक्र व प्राचीन देवता यांच्या उपासनेभोवती एक नवा धर्मप्रवाह उभा केला. या प्रवाहास सर्वमान्य धर्मग्रंथ नाही, एकच एक धर्मपीठ नाही, वंशपरंपरागत पुरोहितवर्गही नाही. अमेरिकेत त्याचे सामुदायिक जीवन प्रकर्षाने दिसते ते रानावनात भरणाऱ्या उत्सव-शिबिरांतून. १९७७ साली इंडियाना राज्यात 'पॅन-पेगन फेस्टिव्हल' भरला, तर १९७९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात 'राइट्स ऑफ स्प्रिंग' या वसंत-शिबिरास आरंभ झाला. पुढील दशकात अशा शिबिरांची संख्या वाढत गेली.

या शिबिरांचा क्रम स्थूलमानाने सारखाच आढळतो. कुटुंबे तंबू ठोकून राहतात. स्वयंपाक, पहारा, साफसफाई ही कामे वाटून घेतली जातात. दिवसा वनौषधी, ढोलवादन, मुखवटे, कथाकथन अशा विषयांचे वर्ग चालतात. मुलांसाठी हस्तकला, खेळ व मिरवणुका असतात. वसंतोत्सवाचा मध्यवर्ती विधी म्हणजे मे-स्तंभ उभारणे. एक उंच खांब मिरवीत आणून खड्ड्यात उभा करतात आणि त्याच्या शेंड्यास बांधलेल्या रंगीत फिती हाती धरून आबालवृद्ध त्याभोवती नाचतात. नर्तक एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात, तसतशा फिती खांबावर विणल्या जातात. आपल्याकडील गोफ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ही रचना निराळी समजावून सांगावयास नको. रात्री अग्निकुंड पेटते, त्याभोवती ढोल व नृत्य उशिरापर्यंत चालते, आणि पुष्कळ ठिकाणी मंदावलेल्या विस्तवावरून उडी घेण्याचा प्रघात आहे.

हे सारे कितपत प्राचीन आहे, असा प्रश्न जिज्ञासूच्या मनात प्रथम उभा राहतो. प्रस्तुत निबंधात त्या प्रश्नाचा परामर्श घ्यावयाचा आहेच; परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, प्रौढांनी स्वेच्छेने स्वीकारलेला धर्म मुलांच्या हाती कोणत्या रूपाने जातो? वसंत-शिबिरातील विधींचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाच्या उजेडात पाहिला असता काही अनपेक्षित गोष्टी ध्यानी येतात.

प्रथम अग्नीचा विचार करू. मे महिन्याच्या प्रारंभी येणाऱ्या 'बेल्टेन' या सणाचा जुना उल्लेख आयर्लंडमधील एका शब्दकोशात सापडतो. हा कोश मन्स्टरचा राजा व बिशप कॉर्मक (मृत्यू इ. स. ९०८) याच्या नावाने ओळखला जातो. रोगराईपासून रक्षण व्हावे म्हणून ड्रुइड पुरोहित दोन अग्नी पेटवीत आणि त्यांमधून गुरे हाकलीत, असे त्यात म्हटले आहे. गुरे उन्हाळी कुरणांवर नेण्यापूर्वीचा हा संरक्षक विधी होय. अठराव्या शतकातील प्रवासी टॉमस पेनंट यानेही स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गुराख्यांच्या बेल्टेन-विधीचे वर्णन केले आहे. या अग्निविधीचा प्रदेश मुख्यतः आयर्लंड, स्कॉटलंडचा उंच भाग व मॅन बेट हा होय. स्तंभाची परंपरा मात्र प्रामुख्याने इंग्लंड, वेल्स व जर्मन-स्कँडिनेव्हियन प्रदेशांत आढळते. आधुनिक शिबिरात दिवसा स्तंभ व रात्री अग्नी अशी जी जोडी दिसते, ती दोन भिन्न प्रदेशांच्या आचारांची अलीकडे झालेली सांगड आहे.

स्तंभाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. ब्रिटनमध्ये त्याचे उल्लेख चौदाव्या शतकापासून मिळतात. तो उभारणारे ग्रामस्थ ख्रिस्ती होते, आणि आपण कोणा जुन्या देवतेची पूजा करीत आहोत असे ते म्हणत नव्हते. तसे म्हटले ते त्यांच्या विरोधकांनी. फिलिप स्टब्ज या कडव्या सुधारकाने १५८३ साली मे-स्तंभाची गणना मूर्तींत केली. राजा पहिला जेम्स याने १६१८ साली रविवारच्या उपासनेनंतर अशा करमणुकींस मुभा दिली होती. परंतु यादवी युद्धाच्या काळात, १६४४ साली, पार्लमेंटने स्तंभ पाडून टाकण्याचा हुकूम काढला आणि त्यात त्यांस पाखंडी म्हटले. १६५१ साली टॉमस हॉब्ज याने 'लेव्हायथन' ग्रंथात स्तंभाभोवतीच्या नृत्याचा संबंध प्रायेपस या देवतेच्या मिरवणुकीशी जोडला. राजसत्ता परत आल्यावर १६६१ साली लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर १३४ फूट उंचीचा स्तंभ उभा राहिला, तो या बंदीला दिलेले उत्तरच होता.

अमेरिकेच्या भूमीवरही हीच कथा घडली. १६२७ साली मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील मेरीमाउंट वसाहतीत टॉमस मॉर्टन याने सुमारे ८० फुटांचा स्तंभ उभारला. मॉर्टन इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचा अनुयायी होता. पण शेजारच्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने आपल्या इतिहासात त्याच्यावर रोमन देवता फ्लोरा हिचे उत्सव पुनरुज्जीवित केल्याचा ठपका ठेवला. १६२८ साली हा स्तंभ तोडण्यात आला. पुढे साडेतीन शतकांनी त्याच राज्यात पेगन शिबिराचा स्तंभ उभा राहिला, हा योगायोग असेल. परंतु स्तंभ हे बहुदेवोपासनेचे चिन्ह आहे, ही कल्पना प्रथम आग्रहाने मांडली ती फिर्यादी पक्षाने, हे मात्र योगायोगाने घडलेले नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकविद्यापंडित विल्हेल्म मानहार्ट व त्याच्या मागोमाग १८९० सालच्या 'गोल्डन बाउ' ग्रंथात जेम्स फ्रेझर यांनी स्तंभात वृक्षदेवतेचा अवशेष पाहिला. निंदेच्या जागी कुतूहल आले. निदान मात्र तेच राहिले. १९९६ साली 'स्टेशन्स ऑफ द सन' या ग्रंथात रॉनल्ड हटन यांनी उपलब्ध साधने तपासून, या वृक्षदेवतेस अथवा प्रजननप्रतीकास पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला.

आता फितींकडे वळू. जुन्या स्तंभांस पाने-फुले असत आणि लोक त्याभोवती मोकळेपणी नाचत. फितींची वीण ही एकोणिसाव्या शतकातील भर आहे. ती १८३६ साली लंडनच्या व्हिक्टोरिया नाट्यगृहातील एका प्रयोगात दिसते. तिचा प्रसार मात्र रंगभूमीहून अधिक शाळांनी केला. जॉन रस्किन याच्या प्रेरणेने १८८१ साली लंडनच्या व्हाइटलँड्स या अध्यापिका महाविद्यालयात 'मे-राणी' निवडण्याचा समारंभ सुरू झाला. तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिकांनी मे-दिनाचा सोहळा व फितींचे नृत्य गावोगावच्या शाळांत नेले. ज्या उत्सवावर पूर्वी मद्यपान व स्वैराचार यांचा आरोप होता, तो आता शिस्तबद्ध व बालकांस साजेसा झाला. शिबिरात आज आदिम म्हणून जो विधी केला जातो, त्याची विणकाम-रचना अशा रीतीने शाळेच्या पटांगणातून आलेली आहे.

येथे तुलनेच्या मोहाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. गोव्यातील शिगम्यात गोफ नाचतात, कोकणात होळीसाठी झाड तोडून वाजतगाजत आणून उभे करतात आणि त्यापाठोपाठ अग्नी पेटतो. विल्यम क्रुक याने १९१४ साली 'फोकलोर' या नियतकालिकात होळीची चर्चा युरोपीय वसंतोत्सवांच्या संदर्भात केली होती. साम्य मनोवेधक आहे यात शंका नाही. तथापि फितींचा इंग्रजी इतिहास तारखांनिशी ठाऊक असताना, केवळ रूपसाम्यावरून दोहोंचे एक प्राचीन मूळ कल्पिणे धोक्याचे ठरेल.

आधुनिक पेगन प्रवाहाचा आरंभ मात्र मुलांना दूर ठेवूनच झाला. इंग्लंडमधील १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर याचे 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात वर्णिलेला 'विक्का' पंथ लहान गुप्त मंडळांचा होता. प्रवेश दीक्षेने मिळे, विधी पुष्कळदा विवस्त्र होत, आणि गुप्ततेची शपथ असे. अशा मंडळात बालकास स्थान नव्हते व असणे शक्यही नव्हते. जो तो प्रौढपणी, स्वतःच्या निवडीने या मार्गावर येत असे.

शिबिरांनी ही मर्यादा मोडली. मार्गो अॅडलर यांनी 'ड्रॉइंग डाउन द मून' या आपल्या १९७९ च्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती १९८६ साली काढली, तेव्हा उत्सवांमुळे या चळवळीचे स्वरूपच पालटल्याचे नमूद केले. एकांतातील मंडळे एका रानात एकत्र आली; गाणी, ढोलाचे ठेके व विधींचे नमुने एकमेकांस मिळाले. पूर्वी तरुण वयात आलेली माणसे आता आईबाप झाली होती आणि सुट्टीत मुलांस घरी ठेवून येणे त्यांस शक्य वा इष्ट नव्हते. मग विधीच बदलू लागले. अनेक शिबिरांत मुलांसाठी निराळा कार्यक्रम आखला गेला, कुटुंबांसाठी शांत तंबूस्थळ व रात्रीच्या ढोलांसाठी दूरचे मैदान अशी जागेची विभागणी झाली. नवजात बालकांचे स्वागत आणि वयात येणाऱ्या मुलामुलींचे संस्कार यांचे नवे विधी रचले गेले.

याच सुमारास बाहेरचे वातावरण प्रतिकूल होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजक गट मुलांवर अत्याचार करतात अशा वावड्यांची लाट आली. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेच्या प्रकरणात १९८३ साली आरोप सुरू झाले आणि १९९० साली एकही दोषसिद्धी न होता ते संपले. पेगन शिबिरांच्या शेजारच्या गावांतही अशाच अफवा उठत, हे सारा पाइक यांनी २००१ सालच्या 'अर्थली बॉडीज, मॅजिकल सेल्व्ज' या ग्रंथात दाखविले आहे. १९८६ साली एका संघीय अपील न्यायालयाने विक्का हा घटनेच्या अर्थाने धर्म असल्याचे मान्य केले होते. पण पालकांची धास्ती त्यामुळे संपली नाही. इंडियाना राज्यात एका घटस्फोटाच्या प्रकरणी, आई व वडील दोघेही विक्काचे अनुयायी असताना, त्यांनी मुलास प्रचलित नसलेल्या श्रद्धा व विधी यांपासून दूर ठेवावे अशी अट खालच्या न्यायालयाने घातली. २००५ साली त्या राज्याच्या अपील न्यायालयाने ती अट रद्द केली. मुलास शिबिरात नेणे ही पालकांच्या दृष्टीने केवळ सहल नव्हती, हे यावरून स्पष्ट व्हावे. आपला धर्म मुलांसमोर उघडपणे पाळण्याच्या अधिकाराची ती कसोटी होती.

परंतु अधिक खोल अडचण पंथाच्या आतच होती. हेलन बर्गर यांनी १९९९ सालच्या 'अ कम्युनिटी ऑफ विचेस' या ग्रंथात दुसऱ्या पिढीच्या प्रश्नाचा विचार केला आहे. ज्यांनी जन्मप्राप्त धर्म सोडून स्वतःचा मार्ग निवडला, त्यांस आपला मार्ग मुलांवर लादणे प्रशस्त वाटत नाही. आणि तो मुळीच न दिला तर समुदाय एका पिढीपुरता उरण्याचे भय. बालकाच्या स्वागतविधीत म्हणूनच त्याला आशीर्वाद दिला जातो, संरक्षण मागितले जाते, पण त्याच्या वतीने धर्मनिष्ठेचे वचन सहसा घेतले जात नाही. मोठेपणी त्याने स्वतः निवडावे, अशी पालकांची भूमिका असते.

या पेचात मे-स्तंभ विशेष उपयोगी पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फितींच्या नृत्यात सहभागी होण्यास दीक्षा लागत नाही, कोणतेही मत उच्चारावे लागत नाही. फीत धरता येणे व समोरून येणाऱ्यास वाट देता येणे एवढी पात्रता पुरे होते. बापास त्यात सृष्टीच्या सर्जनाचे दर्शन घडेल, आईस ऋतुपालटाचे, मुलास केवळ खेळाचे. तिघांच्या हातून वीण मात्र एकच होते. रात्रीचा अग्नी काही अंशी प्रौढांचा राहिला, स्तंभ सर्वांचा झाला. याचे एक कारण असे की, पूर्वीच्या शतकात शिक्षिकांनी तो मुलांच्या हाताला येईल असा घडवून ठेवला होता. ज्या बदलास लोकविद्येच्या अभ्यासकांनी कृत्रिम व भावविवश ठरविले, त्याच बदलामुळे हा विधी एका नव्या धर्मात पिढ्यांना जोडणारा दुवा होऊ शकला.

यावरून शिबिरांच्या सहकुटुंब स्वरूपाबद्दलचे एक सर्वसाधारण मतही तपासून घ्यावे लागते. मूळचा जोमदार विधी मुलांमुळे सौम्य झाला, असे म्हटले जाते. गार्डनरप्रणीत गुप्त मंडळांच्या संदर्भात ते काहीसे खरे आहे. स्तंभाच्या बाबतीत क्रम उलटा आहे : फितींचा विधी आधी मुलांचा होता आणि प्रौढ पेगनांनी तो त्यांच्याकडून घेतला. यामुळे शिबिरातील श्रद्धेचे मोल कमी होते असे समजू नये. विधीचे वय व विधीचे सामर्थ्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिलीचा निर्णय कागदपत्रांवरून व दुसरीचा निर्णय आचरणावरून करावयास हवा.

१९८० च्या दशकात शिबिरात फिरलेली मुले आता स्वतः पालक होण्याच्या वयाची आहेत. त्यांपैकी कितीजण आपल्या मुलांस घेऊन परत येतात, कितीजण स्तंभ ठेवून देवता सोडतात, आणि कितीजण दोहोंपासून दूर जातात, याचा पिढीवार अभ्यास झाल्यास निवडीने स्थापन झालेला धर्म वारशाचा धर्म कसा बनतो, या व्यापक प्रश्नावर प्रकाश पडेल. त्या अभ्यासात धर्मवचनांइतकेच लक्ष मुलांचे खेळ, शिबिरातील कामांची वाटणी व तंबूंची मांडणी यांकडेही द्यावे लागेल. कारण या समुदायाने पुढच्या पिढीविषयीचे आपले अनेक निर्णय ग्रंथात लिहून न ठेवता तेथेच नोंदवून ठेवले आहेत.