भिवंडीची गोदी आणि पाणबुड्याचे श्वासयंत्र : निगेच्या इतिहासाची एक दिशा

समुद्रविषयक तंत्रविद्येचा इतिहास सामान्यतः शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. कोणते जहाज कोणी बांधले, कोणते यंत्र कोणत्या साली निर्माण झाले, हे प्रश्न त्यात अग्रभागी असतात. परंतु बांधलेले जहाज तरंगते कसे राहिले आणि निर्माण झालेले यंत्र दहा वर्षांनंतरही विश्वासास पात्र कसे राहिले, ह्या प्रश्नांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः एखादी विद्या एखाद्या प्रदेशात रुजली की नाही, ह्याचा निर्णय ती वस्तू तेथे आली कधी ह्यावरून होत नाही. तिची निगा राखणारे हात, हत्यारे व सामग्री तेथे होती की नव्हती, ह्यावरून तो होतो. हे विधान पडताळून पाहण्यास ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे स्थळ विशेष उपयुक्त आहे.

सन १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण व भिवंडी ही ठाणी शिवाजीमहाराजांच्या ताब्यात आली आणि त्यानंतर लवकरच तेथील खाडीत लढाऊ जहाजांची बांधणी सुरू झाली. मराठी आरमाराचा प्रारंभ येथे मानला जातो. ह्या बांधणीचा उल्लेख पोर्तुगिजांच्या १६५९ च्या पत्रव्यवहारात येतो. भिवंडी, कल्याण व पनवेल येथे तयार होणारी जहाजे समुद्रात उतरू नयेत, अशी दक्षता घेण्याचे त्यांच्या अधिकाऱ्यांनी ठरविले होते. खाडीचे तोंड वसईकडे असल्यामुळे ती वाट अडविणे पोर्तुगिजांना शक्य होते. परंतु त्यांनी योजलेला दुसरा उपाय अधिक बोधप्रद आहे. ह्या कामावर रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्याच्याकडे गुप्तपणे संधान बांधले आणि तो आपल्या लोकांसह मराठ्यांची चाकरी सोडून निघून गेला. लाकूड जागेवर होते, खाडी जागेवर होती, द्रव्यही होते. काढून घेतले गेले ते हात.

तरीही बांधणी थांबली नाही, आणि ह्याचे एक कारण त्या काळच्या जहाजाच्या घडणीतच शोधावे लागते. लाकडी जहाजाच्या निगेचे बहुतेक सारे सामान कोकणच्या किनाऱ्यावर उपलब्ध होते. फळ्यांच्या सांध्यांत भरावयाचा काथ्या, राळ व तेल, तासण्या, किकरे, गिरमिटे ह्यांसाठी परदेशाकडे पाहावे लागत नसे. उत्तर कोकणात भरती-ओहोटीतील अंतर मोठे असल्यामुळे जहाज भरतीला आत घ्यावे, ओहोटीला ते कोरडे पडले की त्याचा तळ खरवडावा व सांधे भरावेत, हा क्रम सोपा होता. तळाच्या कामासाठी माणसाने पाण्याखाली उतरण्याची गरज त्यात क्वचितच पडे. पुढे इंग्रजांनी १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया ह्यांना मुंबईस आणले आणि १७५० मध्ये तेथे कोरडी गोदी उभी राहिली, तेव्हा त्यांनीही हेच ओळखले होते की, जहाजापेक्षा जहाज दुरुस्त करणारे घराणे अधिक मोलाचे असते.

जहाजे लोखंडी झाली, बंदरे खोल झाली आणि पाण्याखालचे काम अपरिहार्य बनले, तेव्हा हा प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. आता दुरुस्त करावयाची वस्तू केवळ जहाज राहिली नाही. जहाजाच्या तळाशी उतरणाऱ्या माणसाचा श्वासच एका यंत्रावर अवलंबून राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ऑगस्टस झीबे ह्याने रूढ केलेल्या बंद पोशाखात पाणबुड्याला वरून पंपाने अखंड हवा पुरविली जाई. माणसाने श्वास घेतला तरच हवा सोडणारी झडप ही त्यापुढची पायरी होय. बन्वा रुकेरोल ह्या फ्रेंच खाण-अभियंत्याने १८६० मध्ये संपीडित वायूचा प्रवाह नियमित करणारे साधन तयार केले आणि १८६४ मध्ये नौदलातील अधिकारी ओग्युस्त देनेरूझ ह्याच्या साहाय्याने ते पाणबुड्यांच्या उपयोगास आणले. मात्र त्या काळच्या नळकांड्यांना फार उच्च दाब पेलत नसे. म्हणून हे साधन बहुधा वरच्या नळीला जोडलेलेच राहिले.

ही अडचण दूर झाली ती १९४३ मध्ये. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी वायूवर चालविण्यासाठी फ्रेंच अभियंता एमिल गान्याँ ह्याने एक नियामक झडप सिद्ध केली होती. तिच्यात फेरफार करून त्याने झाक-ईव्ह कुस्तो ह्या नौदल अधिकाऱ्यासाठी पाण्याखालील श्वासनियामक, म्हणजेच आजचा रेग्युलेटर, बनविला. ह्या घटनेतील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. एका कामाच्या यंत्राचे अंतरंग ज्याच्या हाताखालून गेलेले असते, त्यालाच ते दुसऱ्या कामाकडे वळविता येते. शोध आणि दुरुस्ती ह्यांच्यातील सीमारेषा समजली जाते तितकी ठळक नाही.

रेग्युलेटरची रचना दोन टप्प्यांची असते. नळकांड्यातील हवेचा दाब पुष्कळदा वातावरणीय दाबाच्या सुमारे २०० पट असतो. पहिला टप्पा तो भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० पट वातावरणीय दाबाने अधिक इतका खाली आणतो. तोंडाशी असलेला दुसरा टप्पा त्याला भोवतालच्या दाबाबरोबर आणतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढत असल्याने हा समतोल क्षणोक्षणी राखावा लागतो. तो राखण्याचे काम एक लवचिक पडदा, काही स्प्रिंगा, झडपांच्या मऊ बैठका आणि रबरी कडी ह्यांवर सोपविलेले असते. ह्या कड्यांना ओ-रिंग म्हणतात. डॅनिश वंशाचे अमेरिकावासी कारागीर नील्स क्रिस्टेन्सन ह्यांना १९३९ मध्ये त्यांचे पेटंट मिळाले. पितळेचे अंग अनेक दशके टिकते. परंतु ही कडी, बैठका व गाळण्या ठराविक काळाने बदलाव्याच लागतात. जे स्वस्त व क्षुल्लक दिसते, तेच ह्या यंत्राचे आयुष्य ठरविते.

निगेची हत्यारेही पाहण्यासारखी आहेत. पहिला टप्पा उघडण्यासाठी विशिष्ट आकड्याचा पाना लागतो. ओ-रिंग काढण्याची टोकणी पोलादाची नसून मऊ पितळेची किंवा प्लास्टिकची असावी लागते, कारण खोबणीवर उमटलेला एक ओरखडा हवा गळण्यास पुरेसा होतो. समुद्राच्या पाण्याने पितळेवर चढलेला हिरवा गंज सौम्य आम्लात, शक्य तर श्राव्यातीत कंपनांच्या पात्रात, धुवून काढतात. जोडणीच्या वेळी सिलिकोनचे वंगण अगदी पातळ लावतात. प्राणवायूचे प्रमाण वाढविलेली हवा वापरावयाची असेल तर सर्व भाग विशेष काटेकोरपणे स्वच्छ करून प्राणवायूला सोसणारे वेगळे वंगण वापरणे आवश्यक ठरते; साधे खनिज तेल उच्च दाबाच्या प्राणवायूत पेट घेऊ शकते. अखेरची परीक्षा दाबमापकाची असते. मधल्या दाबाचा काटा एका जागी येऊन स्थिर झाला तर पहिली झडप नीट बसली. तो हळूहळू वर सरकत राहिला तर ती गळते आहे असे समजावे. दुसरा टप्पा किती ओढीला उघडतो हे पाण्याच्या स्तंभावर मोजतात आणि ती ओढ सुमारे अडीच ते चार सेंटिमीटरांची असते. हे सारे साहित्य एका लहान पेटीत मावते. परंतु त्या पेटीत काथ्या आणि राळेप्रमाणे किनाऱ्यावर तयार होणारी वस्तू जवळजवळ एकही नाही.

कोकण व गोव्याच्या संदर्भात ह्या गोष्टीला केवळ तांत्रिक महत्त्व नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यातून १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचे कार्य हाती घेतले. शि. र. राव ह्यांच्या नेतृत्वाखालील द्वारकेचे पाण्याखालील संशोधन आणि पुढे गोव्याजवळील सुंची खडकापाशी बुडालेल्या जहाजाचे अन्वेषण ही त्याची परिचित फळे होत. मालवण तालुक्यातील तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था उभारली. पाण्याखालच्या प्रत्येक नोंदीमागे कोणी तरी वेळेवर बदललेली एक ओ-रिंग असते. मात्र उत्खननाच्या वृत्तांतात तिचा उल्लेख येत नाही. रेग्युलेटर बनविणारे अनेक प्रमुख उत्पादक सुट्या भागांचे संच केवळ आपण प्रमाणित केलेल्या कारागिरांनाच देतात. ह्यामागील हेतू अप्रामाणिक आहे असे म्हणता येणार नाही. चुकीच्या जोडणीची किंमत येथे प्राणांनी मोजावी लागते. तथापि ह्या व्यवस्थेचा परिणाम असा की, यंत्र विकत घेणाऱ्याची मालकी अपुरी राहते. व्हियेगस निघून गेला तेव्हा जो प्रश्न भिवंडीच्या गोदीपुढे उभा राहिला, तोच येथे कायद्याच्या व व्यापाराच्या भाषेत पुन्हा दिसतो.

ह्याच्या उलट बाजूचा पुरावाही भिवंडीनेच पुरविला आहे. विसाव्या शतकात हे गाव यंत्रमागांचे मोठे केंद्र झाले. मुंबईच्या गिरण्यांनी, विशेषतः १९८२ च्या संपानंतर, टाकून दिलेले कित्येक माग येथे येऊन पुन्हा चालू लागले. ते चालले ह्याचे कारण भांडवल एवढेच नव्हते. माग उघडून बिघाड ओळखणारा जॉबर, झिजलेला भाग घडवून देणारे लहान कारखाने आणि जुने सुटे भाग विकणारी दुकाने हाकेच्या अंतरावर होती. परदेशी बनावटीचा माग अशा रीतीने गावचा झाला. अलीकडे ह्यांपैकी अनेक माग मोडीत निघाले, तरी त्यामुळे ह्या उदाहरणाचे महत्त्व कमी होत नाही. माग आणि रेग्युलेटर ह्यांत एक भेद मात्र ध्यानात ठेवावयास हवा. मागाच्या सदोष दुरुस्तीने कापड बिघडते. रेग्युलेटरच्या सदोष दुरुस्तीने माणूस दगावतो. म्हणून जॉबरची अंगवळणी पडलेली विद्या येथे जशीच्या तशी चालणार नाही; तिला मापन, नोंद व प्रमाणित शिक्षण ह्यांची जोड द्यावीच लागेल. परंतु ते शिक्षण आणि ती सामग्री किनाऱ्यावरच उपलब्ध असावी, ही अपेक्षा त्यामुळे रद्द होत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला ह्यातून साधनांविषयी एक सूचना मिळते. कारखान्यातील दुरुस्तीच्या वह्या, सुट्या भागांच्या मागणीपत्रिका, हत्यारांच्या याद्या, कारागिरांच्या नेमणुका व बदल्या ही साधने आजवर दप्तरखान्यात दुय्यम मानली गेली. भिवंडीच्या जहाजबांधणीविषयी जी माहिती आज हाती आहे, तिचा एक महत्त्वाचा भाग प्रतिपक्षाच्या कागदांतून आलेला आहे, आणि तोही एक कारागीर फितविला गेला म्हणून. आपल्या हातांची नोंद आपण ठेवली नाही तर ती शत्रूच्या दप्तरात शोधावी लागते. पाण्याखालील संशोधनाच्या संस्थांनी आपल्या श्वासयंत्रांच्या निगेच्या नोंदी आजच जतन केल्या, तर पुढील अभ्यासकाला ह्या विद्येचा इतिहास केवळ शोधकांच्या नावांवरून लिहावा लागणार नाही.