क्रेडिट कार्डाची थकबाकी : वसुलीचा फोन येण्याआधी बँकेशी बोलावे

नवीन पनवेल, कामोठे, खारघर या वसाहतींतील अनेक कुटुंबांचा महिना पगाराच्या तारखेवर चालतो. घराचा हप्ता, शाळेचे शुल्क, लोकलचा पास आणि किराणा भागवल्यावर हाती थोडेच उरते. अशा वेळी नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले की पहिला आधार घेतला जातो तो क्रेडिट कार्डाचा. दोन-तीन महिन्यांनी हाच आधार ओझे होऊ लागतो. मग बहुतेक जण बँकेचे फोन घेणे बंद करतात. खरे तर नेमकी हीच वेळ बँकेशी बोलण्याची असते. कारण खाते थकण्यापूर्वी जे पर्याय खुले असतात, त्यांतील बरेचसे थकल्यानंतर मिटतात.

किमान रकमेचा हिशेब

मासिक विवरणपत्रात ‘एकूण देय रक्कम’ आणि ‘किमान देय रक्कम’ असे दोन आकडे असतात. किमान रक्कम भरली की खाते थकीत ठरत नाही. मात्र उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही संपुष्टात येते.

समजा, थकबाकी १,००,००० रुपये आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज ३,५०० रुपये होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ६३० रुपये. ग्राहकाने किमान रक्कम म्हणून पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये भरले, तर मूळ कर्जातून वजा होतात केवळ ८७० रुपये. दर महिन्याला शिल्लक रकमेच्या पाच टक्केच भरत राहिल्यास कर्ज निम्म्यावर यायलाच पाच वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि तेही कार्डावर एकही नवी खरेदी न करता.

हीच रक्कम वार्षिक १८ टक्के दराने २४ हप्त्यांत फेडायची ठरली, तर मासिक हप्ता सुमारे ४,९९२ रुपये येतो. व्याजावरील कर वेगळा. पहिल्या महिन्यात तो २७० रुपये असेल. म्हणजे जवळपास तेवढ्याच मासिक भारात कर्ज दोन वर्षांत संपते. दर आणि प्रक्रिया शुल्क बँकेगणिक बदलतात, म्हणून प्रत्यक्ष आकडे लेखी मागून घ्यावेत.

कार्डावरील व्याजाला ठरावीक कमाल मर्यादा नाही, हेही ध्यानात ठेवावे. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्यामुळे कायदा व्याज कमी करील या आशेवर थांबण्यात अर्थ नाही.

काय मागावे, कोणाकडे मागावे

पनवेलच्या शाखेत चौकशी केली की ‘कार्डाचा विभाग वेगळा आहे’ असे उत्तर बहुधा मिळते. ते खोटे नसते. कार्डाच्या थकबाकीविषयीचे निर्णय सहसा मध्यवर्ती विभागात होतात. तरीही शाखेत अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी आणि तोच अर्ज कार्ड विभागाला ई-मेलने पाठवावा. केवळ फोनवर झालेल्या बोलण्याला पुढे आधार राहत नाही.

अर्जात कार्डाचे शेवटचे चार आकडे, थकबाकी, अडचणीचे कारण, सध्याचे मासिक उत्पन्न, घरखर्च आणि दरमहा भरता येईल अशी रक्कम लिहावी. नोकरी गेल्याचे पत्र किंवा रुग्णालयाची बिले जोडावीत. मागणी नेमकी असावी : थकबाकीचे हप्त्यांत रूपांतर करावे, व्याजदर कमी करावा, विलंब शुल्क माफ करावे. ‘काहीतरी सवलत द्यावी’ अशा मोघम विनंतीला उत्तरही मोघमच मिळते.

जेवढे झेपेल तेवढेच कबूल करावे. मोडलेला शब्द पुढच्या बोलणीत आड येतो. पुढील तारखांचे धनादेश किंवा खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची संमती देताना विशेष सावध राहावे. कार्डाचे कर्ज थकणे हा मुळात दिवाणी स्वरूपाचा विषय आहे. केवळ त्यासाठी अटक होत नाही. परंतु धनादेश न वटल्यास किंवा स्वयंचलित हप्ता पुरेशा रकमेअभावी परत गेल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते. पगाराचे खाते त्याच बँकेत असेल, तर करारातील अटींनुसार बँक त्यातील रक्कम थकबाकीकडे वळवू शकते, हेही आधी वाचून घ्यावे.

नव्वद दिवसांची रेषा

विवरणपत्रातील देय तारखेपासून ९० दिवसांत किमान रक्कम पूर्ण भरली नाही, तर खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँका अनेकदा एकरकमी तडजोड सुचवतात. त्यात काही रक्कम सोडून दिली जाते. पण पतअहवालात खाते ‘बंद’ न दिसता ‘तडजोडीने मिटवले’ असे दिसते. पुढे घरकर्ज घेताना ही नोंद अडसर ठरते. म्हणून पूर्ण फेड हप्त्यांनी शक्य असेल, तर तडजोडीची घाई करू नये. ती करावीच लागली, तर बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत. पैसे बँकेच्या खात्यातच भरावेत, वसुली प्रतिनिधीच्या हाती रोख देऊ नयेत. शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी ग्राहकाला काही संरक्षण दिले. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही. ते शुल्क संपूर्ण बिलावर आकारता येत नाही, न भरलेल्या रकमेवरच आकारावे लागते. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावता येत नाही. थकबाकीची नोंद पतसंस्थांकडे, म्हणजे सिबिलसारख्या कंपन्यांकडे पाठवण्याआधी ग्राहकाला कळवावे लागते. पुढे रक्कम चुकती झाल्यास ३० दिवसांत ती नोंद सुधारावी लागते. प्रत्येक पतसंस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात ही दुरुस्ती झाली की नाही ते पाहावे.

वसुली प्रतिनिधी दारात आला तर

१२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक व मित्रांना त्रास देणे यांनाही मनाई आहे. प्रतिनिधीचे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र पाहावे. फोनची वेळ, क्रमांक आणि संभाषणाचा आशय वहीत नोंदवून बँकेकडे लेखी तक्रार करावी. धमकी किंवा मारहाण झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. पनवेल, कामोठे, खारघर हा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो.

दाद कुठे मागावी

बँकेने तक्रार फेटाळली, किंवा ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. यासाठी शुल्क नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मात्र कर्ज माफ करा किंवा तडजोड मंजूर करा, असा आग्रह तेथे उपयोगी पडत नाही. चुकीचे शुल्क, नियमभंग, सेवेतील त्रुटी यांविरुद्ध तेथे दाद मिळते. सेवेतील त्रुटीसाठी अलिबाग येथील रायगड जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे.

बँकेची नोटीस आली असेल, तर लोकअदालत सोयीची ठरते. दावा दाखल होण्यापूर्वीचे वादही तेथे ठेवता येतात. निवाडा दोन्ही बाजूंच्या सहमतीनेच होतो; तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असून त्याविरुद्ध अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी हप्त्याची रक्कम आणि तारखा नीट वाचाव्यात. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो.

एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डातून किंवा मोबाइलवरील झटपट कर्जातून भरणे हा मार्ग नव्हे. त्याने धनको बदलतो आणि कर्ज वाढते. या महिन्याची किमान रक्कमही भरता येणार नाही असे दिसू लागले, की देय तारखेआधीच वर सांगितलेला अर्ज बँकेत द्यावा.