उतरण (गिरिभ्रमण)

उतरण म्हणजे गिरिभ्रमणात शिखर, गड किंवा घाटमाथा यांवरून पायथ्याकडे परतण्याचा टप्पा. चढणीच्या मानाने उतरणीत दम कमी लागतो. तथापि वाट चुकल्यास ती अधिक धोकादायक ठरते. चढताना कडा समोर दिसतो, उतरताना तो पायाखाली दडलेला असतो.

भूरचना

सह्याद्री हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. कठीण बेसाल्टच्या थरांचे उभे कडे होतात आणि मऊ थर झिजून त्यांच्या दरम्यान सपाट टप्पे तयार होतात. अशा झाडीभरल्या टप्प्यास 'पदर' म्हणतात. वरून पाहता खालचा पदर लगतच असल्याचा भास होतो. मधला कडा दृष्टीस पडत नाही.

ओढ्याचे कोरडे पात्र ही नेहमीची फसवी वाट होय. ते मोकळे असते आणि खालीच जाते. परंतु कठीण थर लागताच धबधब्याच्या कड्यावर तुटते. वरचे गुळगुळीत टप्पे घसरत उतरलेल्यास मागे चढता येत नाही आणि तो मधेच अडकतो. वाळवंटी पर्वतांतील कोरड्या ओढ्यांतही हाच धोका असतो.

रायगड जिल्ह्यातील उदाहरणे

रायगडाच्या कड्यावरून रात्री उतरलेल्या हिरकणीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. मोगलांचा वेढा पडल्यावर एप्रिल १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज रायगडावरून निसटले. ते वाघ दरवाजाच्या अवघड वाटेने उतरले, असे मानले जाते.

धरमतर खाडीच्या दक्षिणेस, रोह्याजवळील अवचितगडाची अडचण निराळी आहे. मेढा, पिंगळसई व पडम या तीन गावांतून गडावर वाटा येतात आणि भोवती दाट जंगल आहे. त्यामुळे उतरताना कोणती वाट कोणत्या गावी जाते, हे आधी जाणून घेणे आवश्यक असते.

सुरक्षित उतरण

चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून खूण लक्षात ठेवावी. शक्यतो चढलेल्या वाटेनेच उतरावे. अनोळखी डोंगरात घळीपेक्षा सोंडेवरून पुढचा उतार अधिक दिसतो. मात्र सोंडही कड्यावर संपू शकते. ढोरवाटा अनेकदा झाडीत विरतात. जेथून परत चढता येणार नाही, असा टप्पा उतरू नये. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, एकामागोमाग एक चालताना वरून दगड सुटण्याचा धोका असतो. म्हणून अंतर राखावे.

वाट हरवल्यास शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परतावे. ते अशक्य असल्यास किंवा अंधार पडल्यास सुरक्षित सपाटीवर थांबून ११२ या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधावा. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात आपली वाट व परतण्याची वेळ सांगून ठेवल्यास शोधकार्य सुकर होते.