टोर्नेडो: एका शब्दाची बंदी

चैत्रांत माळावरून पाचोळा गरगर फिरवीत जाणारी वावटळ आपल्यापैकीं कोणीं पाहिली नाहीं? टोर्नेडोशीं तिचें साम्य आकारापुरतेंच. वावटळ तापलेल्या भुईवरून उठते. टोर्नेडो मेघाच्या पोटांतून उतरतो.

१८ मार्च १९२५ रोजीं दुपारीं एकच्या सुमारास अमेरिकेच्या मिसूरी संस्थानांत, एलिंग्टन गांवाजवळ, असा एक टोर्नेडो उतरला आणि इलिनॉय ओलांडून साडेचारच्या सुमारास इंडियानांत निमाला. साडेतीन तासांत २१९ मैल! (सारी नासधूस एकाचीच कीं एकामागून एक आलेल्या अनेकांची, हा वाद विद्वानांत आहे.) ६९५ माणसें मेलीं, पैकीं २३४ एकट्या मर्फिसबरो शहरांत. डी सोटो या लहानशा गांवीं शाळा कोसळून ३३ मुलें गेलीं. वेस्ट फ्रँकफर्ट येथील पुरुष कोळशाच्या खाणींत, भुईखालीं, कामावर होते म्हणून वांचले. वर येऊन पाहतात तों घरें नाहींत, आणि कित्येकांचीं बायकामुलेंही नाहींत.

तिकडील शेतकरी आभाळ वाचण्यांत अडाणी खास नव्हता. परंतु त्याची नजर हत्तीच्या सोंडेसारखें कांहीं शोधीत होती, आणि त्या दिवशीं सोंड बहुतेकांस दिसलीच नाहीं. मेघ भुईला टेकलेला, वादळ मैलभर रुंद, भोंवतीं धूळ व मोडतोड. पुष्कळांस तें उकळणाऱ्या धुक्यासारखें भासलें. दक्षिणेकडील मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, ओलसर हवा येत होती, पश्चिमेकडून कोरडी हवा तिला भिडत होती आणि वर जोराचा वारा होता. या मीलनस्थानीं मेघ स्वतःभोंवतीं फिरूं लागतो. त्या दिवशीं हा मेघ व कमी दाबाचें केंद्र जवळजवळ बरोबरीनें धांवलें, म्हणून त्यास ताज्या ओलसर हवेचा पुरवठा तुटला नाहीं, असें वेधज्ञ मानतात.

आम्हांस अधिक खटकतें तें निराळेंच. जॉन फिन्ली या लष्करी वेधज्ञानें १८८४ सालींच टोर्नेडोचीं भाकितें करून पाहिलीं होतीं. पुढें, लोक घाबरतील या भीतीनें, हवामानखात्याच्या भाकितांत तो शब्दच वर्ज्य झाला! न घाबरलेल्या लोकांचें काय झालें तें वर आलेंच आहे. ही बंदी १९३८ सालीं उठली, तरी खातें बिचकतच होतें. २५ मार्च १९४८ रोजीं ओक्लाहोमांतील टिंकर विमानतळावर दोघां लष्करी अधिकाऱ्यांनीं टोर्नेडोचें भाकीत केलें आणि तें त्याच संध्याकाळीं खरें ठरलें. त्या भाकितामुळें विमानें आधींच आडोशास गेलीं होतीं. शेतकऱ्यांच्या कानीं सरकारी भाकितांतून तो शब्द पडूं लागला तो १९५२ सालीं.