कोरडा दगड, ओला दगड

देशावरच्या काळ्या फत्तरात वाढलेल्या आम्हां लोकांस दगड म्हटला की तो घट्टच असावयाचा, असे वाटते. परंतु खडक हा अनेक खनिजांचा मेळा होय; त्यावर भार घालू पाहणाऱ्याने प्रत्येक खनिजाची जातकुळी विचारणे अवश्य असते. लॉस एंजेलिस शहरास हे १९२८ साली कळले.

त्या शहराचा जल-इंजिनिअर विल्यम मुलहोलंड हा स्वकष्टाने शिकलेला पुरुष. २३३ मैल लांबीचा कालवा १९१३ साली पुरा करून त्याने शहरास पाणी आणले. त्यानेच पुढे सॅन फ्रान्सिस्किटो दरीत सुमारे २०० फूट उंचीचे सेंट फ्रान्सिस धरण १९२६ साली पुरे केले.

दरीच्या पूर्वेस शिस्ट हा अभ्रकयुक्त खडक होता. अभ्रकाचे पापुद्रे एकावर एक रचल्याप्रमाणे असतात. आडवा भार ते सोसतात, पण पापुद्र्यांच्या रोखाने रेटले असता घसरतात. येथे तर ते दरीच्या उताराशी समांतरच होते! पश्चिमेस गोटे व वाळू यांचा खडक. त्यास सांधणारे लुकण म्हणजे चिकणमाती, आणि मधूनमधून जिप्समच्या शिरा. हेच लुकण गारेच्या जातीचे असते, तर पाण्यास दाद देते ना. हा खडक कोरडेपणी टणक दिसे. तुकडा पाण्यात टाकला की थोड्याच वेळात त्याचा चिखल होई. ज्या धरणाचा धर्मच पाणी अडविणे, त्याचा एक खांदा असल्या दगडावर टेकलेला! आश्चर्य हे की, शिस्टच्या घसरणीचे भय मुलहोलंडने १९११ च्या अहवालात स्वतःच नोंदविले होते.

१२ मार्च १९२८ रोजी सकाळी गढूळ पाणी झिरपताना पाहून रखवालदाराने वर्दी दिली. मुलहोलंड आला, पाहून गेला. त्यास भीतीचे कारण दिसले नाही. मध्यरात्रीस तीन मिनिटे असता धरण फुटले. पाणी सुमारे ५४ मैल धावून समुद्रास मिळाले. चारशेंहून अधिक माणसे बुडाली, त्यांत तो रखवालदारही होता.

तत्कालीन चौकशी समितीने पश्चिमेच्या खडकास दोषी ठरविले. पुढे जे. डेव्हिड रॉजर्स या भूशास्त्रज्ञाने प्रथम पूर्वेचा शिस्ट घसरला असे प्रतिपादन केले, आणि आम्हांस तेच अधिक पटते. मुलहोलंडने मात्र चौकशीत दोष हाताखालच्यांवर न ढकलता आपल्या शिरावर घेतला. एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

शहरांच्या मालकीच्या धरणांवर तोवर सरकारी देखरेख नव्हती. कॅलिफोर्नियाने १९२९ साली कायदा करून ती बसविली. धरणाचा मधला खंड तेवढा जागच्या जागी उभा राहिला होता. तो त्याच वर्षी सुरुंगाने पाडण्यात आला.