महाकाव्याचा मराठी प्रेक्षक : येवला आणि नाशिक परिसर

रामायण-महाभारताचा मराठी श्रोता कथा ठाऊक असूनच कथेला बसतो. रावण मरणार, द्रौपदीची लाज राखली जाणार, अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत असते. त्यामुळे पुढे काय होणार या उत्सुकतेवर त्याची दाद अवलंबून नसते. प्रसंग कसा रंगला, कोणाच्या तोंडी काय घातले, देव देवासारखा दिसला की नाही, याकडे त्याचे लक्ष असते. आणि प्रसंग रंगला तर तो स्वतः त्यात हात घालतो. येवल्यासारख्या विणकरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या गावात, तसेच एकंदर नाशिक परिसरात, या प्रेक्षकाचा इतिहास पोथीपासून सुरू होतो आणि दूरदर्शनच्या पडद्यावरून आजच्या मोठ्या चित्रपटांपर्यंत येतो.

पोथीचे वाचन मुख्यतः चातुर्मासात होई. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या श्रीधर कवींनी १७०२ मध्ये ‘हरिविजय’, १७०३ मध्ये ‘रामविजय’ आणि १७१२ मध्ये ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ पूर्ण केले. साध्या ओवीतले हे तीन ग्रंथ पुढची दोन शतके घराघरांत आणि देवळादेवळांत वाचले गेले. चौरंगावर पोथी, शेजारी समई, एक जण ओवी वाचणार आणि दुसरा अर्थ सांगणार, अशी बैठक असे. बाकीची मंडळी नुसती ऐकत नसत. रामजन्माचा अध्याय आला की वाचन थांबे, पोथीवर फुले पडत, सुंठवडा वाटला जाई. रुक्मिणी स्वयंवराच्या कथेला आजही श्रोते अक्षता टाकतात, आणि काल्याच्या कीर्तनानंतर दही-लाह्यांचा प्रसाद घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. एकनाथांचे ‘रुक्मिणी स्वयंवर’ उपवर मुलींनी लग्न जमावे म्हणून वाचायचे, ही प्रथाही त्याच वळणाची. कथेतल्या घटनेचे फळ ऐकणाऱ्याच्या संसारात उतरते असा तिच्यामागचा विश्वास. श्रोत्याला कथेत नेमून दिलेले काम आहे, ही जाणीव या परंपरेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे. पुढे साधने बदलत गेली तरी हा प्रेक्षक आपले काम सोडायला तयार झाला नाही.

ऐकण्याला पाहण्याची जोड चित्रकथीने, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या रीतीने, दिली. पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी चित्रे आणि सावंतवाडीजवळच्या पिंगुळीची चित्रे हे तिचे दोन प्रसिद्ध प्रवाह. चित्रे कागदाच्या सुट्या पानांवर असत आणि एका कथेच्या पानांचा गठ्ठा म्हणजे तिची पोथी. पैठण शैलीतल्या आकृत्यांचे चेहरे एका बाजूने काढलेले, डोळे मात्र भले मोठे. समईच्या उजेडात लांब बसलेल्याला पहिल्यांदा ते डोळेच दिसत. सांगणारा वाद्याच्या साथीवर एकेक चित्र पुढे करी. चित्रांतून कथा दाखवण्याची रीत पुढे पडद्यावरही आली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ हा काचेवर रंगवलेल्या चित्रांचा खेळ सुरू केला. दिव्याच्या झोताने पडद्यावर मोठी झालेली ही चित्रे पुराणकथांचीच होती. सिनेमा येण्याआधीच मराठी प्रेक्षक अंधारात बसून उजळलेल्या पडद्यावर देव पाहायला शिकला होता.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात, बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. गणपती, मोरावर बसलेली सरस्वती, नरसिंह, रावण, त्राटिका अशी सोंगे संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर गावातून नाचतात आणि शेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे हे बहुधा पिढीजात ठरलेले असते. इथे प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये कसलीच रेघ नाही. मुखवटा चढवलेला शेजारी तेवढ्यापुरता देव असतो आणि लोक त्याच्या पाया पडतात.

रंगभूमीवर ही रेघ आली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले. त्या वळणाच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत प्रवेश करत, म्हणून त्यांना ‘अललडुर्र’ची नाटके असे नावच पडले. संगीत नाटकांच्या काळात प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’ हे नवे हत्यार मिळवले. कथा पुढे सरकण्यापेक्षा आवडलेला क्षण पुन्हा मिळणे त्याला महत्त्वाचे वाटे, आणि शेवट माहीत असलेल्या माणसाला ते वाटणारच. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकाच्या वेळी तर त्याने याहून मोठी गोष्ट केली. कीचकात त्याने लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत देश पाहिला, आणि १९१० मध्ये सरकारला नाटकावर बंदी घालावी लागली. महाभारताच्या कथेला वर्तमान अर्थ देण्याचा हक्क प्रेक्षकाने इथे उघडपणे बजावला.

यानंतरचा मोठा टप्पा नाशिकचाच. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे रामकृष्ण दिसत होते, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत सांगितले आहे. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपले काम नाशिकला हलवले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी नाशिकमध्ये उभी राहिली. फाळके हौशी जादूगारही होते. आडनावातली अक्षरे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करत. हनुमानाचे उड्डाण, लंकेची आग, कालियाच्या फण्यावरचा बालकृष्ण या चमत्कारांसाठी कॅमेऱ्याच्या ज्या युक्त्या लागल्या, त्यांच्या मुळाशी हा हातखंडा होता. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. राम पडद्यावर दिसताच लोक हात जोडत, साष्टांग नमस्कार घालत, आणि गल्ल्यावर जमलेली नाणी पोत्यांत भरून न्यावी लागत, अशा आठवणी त्या काळच्या लोकांनी सांगितल्या आहेत. ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये कृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांची मुलगी.

या नमस्काराला भोळेपणा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. पडद्यावरचा माणूस नट आहे हे प्रेक्षकाला कळत होते. बोहाड्यात मुखवट्यामागे कोण आहे हेही गावाला कळतेच. नमस्कार रूपाला असतो. नट त्या रूपाला शोभला की लोकांचे हात आपोआप जुळत. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहराच लोकांनी तुकारामांचा म्हणून स्वीकारला, तो याच रीतीने. विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ (१९४३) मधली प्रेम अदीब आणि शोभना समर्थ ही जोडी राम-सीता म्हणून मनात बसली, आणि ‘जय संतोषी माँ’ (१९७५) च्या वेळी चित्रपटगृहाबाहेर चपला काढून आत जाणारे, पडद्याला ओवाळणारे प्रेक्षक देशभर दिसले.

ही कथा सर्वांपर्यंत एकाच वाटेने पोचली नाही, आणि येवल्याचे नाव इथे ठळकपणे येते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. फाळक्यांच्या कंपनीच्या गावात, तिकिटाचे पैसे देणाऱ्याला पडद्यावरचा राम पाहता येत होता. देवळातल्या रामाची दारे मात्र अस्पृश्यांना बंद होती. पाच वर्षे लढूनही ती उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. महाकाव्याला दिलेला नकार हाही महाकाव्याला दिलेला प्रतिसाद असतो, आणि मराठी प्रदेशातला तो सर्वांत विचारपूर्वक दिलेला प्रतिसाद आहे. त्याला वगळून लिहिलेला या विषयाचा इतिहास अर्धाच राहील.

रेडिओने श्रोत्याला पुन्हा कानाकडे नेले. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी छप्पन गीते झाली. घराघरांत रेडिओला हार घातले गेले, उदबत्त्या लावल्या गेल्या. येवल्यासारख्या पैठणी विणणाऱ्या गावात रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांतला फरक विशेष जाणवतो. विणकराचा हातमाग बहुधा राहत्या घरातच असतो. खड्ड्यात पाय सोडून तो बसतो, पाय पावड्यांवर, एका हातात धोटा, दुसरा हात फणीवर. पदरावरचा मोर किंवा मुनिया विणताना निरनिराळ्या रंगांच्या तिल्ल्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या लहान नळ्या, एकेक करून ताण्यातून काढाव्या लागतात आणि एक धागा चुकला तरी नक्षी बिघडते. कान मोकळे, डोळे मात्र बांधलेले, असे हे काम आहे. गाणे ऐकत पदर विणता येतो. पडद्याकडे पाहत विणता येत नाही. त्यासाठी धोटा खाली ठेवावा लागतो.

धोटा खाली ठेवायला लावणारी मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर रविवारी सकाळी साडेनऊला लागे. तेव्हा टीव्ही गल्लीतल्या मोजक्या घरांत असे आणि त्या घराचे दार रविवारी सर्वांना उघडे असे. आधी अंघोळ, मग टीव्हीला हळदकुंकू आणि हार, मग जमिनीवर बैठक. पोथीच्या वेळी जे चौरंगाभोवती होई, तेच आता संचाभोवती होऊ लागले. देशभर रस्ते ओस पडत आणि ऐन वेळी वीज गेली तर लोक वीज कार्यालयांवर चालून गेल्याच्या बातम्या येत. राम आणि सीता झालेले अरुण गोविल आणि दीपिका चिखलिया दिसतील तिथे लोक त्यांच्या पाया पडत. मालिका रामाच्या राज्याभिषेकावर संपणार असे कळल्यावर उत्तर भारतात सफाई कामगारांनी उत्तरकांडासाठी संप केला. वाल्मीकींना आपला मूळपुरुष मानणाऱ्या समाजाची ती मागणी होती. लव-कुशांची पुढची मालिका त्यानंतर आली. प्रेक्षकाने कथेचा पुढचा भाग मागून घेतल्याचे इतके मोठे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

त्याच १९८७ साली महाराष्ट्र शासनाने आंबेडकरांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले. राम आणि कृष्ण यांच्या चरित्राची चिकित्सा करणाऱ्या परिशिष्टावरून वाद पेटला, बाजूने आणि विरोधात मोर्चे निघाले. रविवारी सकाळी टीव्हीपुढे हात जोडणारा महाराष्ट्र आणि त्या कथेला प्रश्न विचारणारा महाराष्ट्र हे दोन्ही त्या एका वर्षात समोरासमोर उभे होते.

बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू होऊन २४ जून १९९० रोजी संपले. संवाद राही मासूम रझा यांचे होते. कृष्णाच्या भूमिकेतले नितीश भारद्वाज हे मराठी नट, म्हणून इकडच्या प्रेक्षकाला त्यांचे वेगळे कौतुक. ‘रामायण’ पाहताना हात जुळत, ‘महाभारत’ पाहताना वाद होत. कर्णावर अन्याय झाला का, भीष्म द्यूतसभेत गप्प का बसले, या प्रश्नांवर मराठी वाचकाची तयारी आधीच झालेली होती. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही दोन्ही पुस्तके १९६७ ची. त्यांनी एक पिढी कर्ण आणि कुंतीबद्दल भांडायला शिकवली होती.

पुढे कल्पनारम्य महाकथा बाहेरूनही आल्या. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ पासून २०१९ पर्यंत चालले. या कथांचा शेवट प्रेक्षकाला ठाऊक नव्हता आणि तोच त्यांचा आधार होता. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट न पटल्याने दहा लाखांहून अधिक लोकांनी शेवटचे पर्व पुन्हा बनवा अशी मागणी सह्यांनिशी केली. ‘बाहुबली’ने (२०१५) दोन्ही रीती एकत्र आणल्या. चित्रीकरणाची भाषा नवी, भावंडांचे वैर, राजमाता आणि वनवास यांचा साचा महाभारताचा, आणि कटप्पाने बाहुबलीला का मारले हा एक प्रश्न दोन वर्षे टांगून ठेवलेला. एप्रिल २०१७ मध्ये दुसरा भाग येईपर्यंत पानटपरीपासून वर्गापर्यंत तो विचारला जात होता.

टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. ज्यांनी ते लहानपणी पाहिले होते त्यांनी आता मुलांना शेजारी बसवून पाहिले. रावणाची भूमिका केलेले अरविंद त्रिवेदी आपल्याच घरी सीताहरणाचा प्रसंग पाहताना हात जोडत असल्याची चित्रफीत त्या एप्रिलमध्ये सर्वत्र फिरली. नट स्वतःच्या भूमिकेसमोर प्रेक्षक झाला होता, आणि वागला अगदी प्रेक्षकासारखा.

जून २०२३ मध्ये ओम राऊत या मराठी दिग्दर्शकाचा ‘आदिपुरुष’ आला. खर्च मोठा होता, चमत्कार संगणकावर घडवलेले होते. लोकांचा राग ओढवला तो हनुमानाच्या तोंडी घातलेल्या टपोरी भाषेवर आणि रावणाच्या रूपावर. शेवट जसाच्या तसा असूनही देव देवासारखा बोलत नाही, ही तक्रार प्रेक्षकांनी एकमुखाने केली, आणि प्रदर्शनानंतर काही दिवसांतच निर्मात्यांना संवाद बदलावे लागले.